मंगळ बाजारातले भरतकामाचे दोरे: कोणता कशाला घ्यावा

नवरात्रात चणियाचोळीवरचे आरसे चौथ्या-पाचव्या रात्रीच सुटायला लागले, की सगळे टाक्याला दोष देतात. बहुतेक वेळा चूक दोऱ्याची असते. बडोद्यात मंगळ बाजारापासून लहरीपुऱ्यापर्यंत 'रेशमी' म्हणून जो चकचकीत दोरा मिळतो, तो पुष्कळदा रेयॉन असतो. रेयॉन भिजला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, आणि गरब्यात घाम तर येणारच. दोरा सैल पडतो आणि आरसा निसटतो.

खात्री करायची असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर खरं रेशीम. कागद जळल्यासारखा वास येऊन भराभर जळला, तर रेयॉन. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर. हलक्या रेयॉनला वाईट म्हणायचं कारण नाही. भिंतीवर टांगायच्या तोरणाला तो झकास दिसतो. अंगावरच्या कपड्यात आरसे धरायला मात्र तो घेऊ नये.

आरशांसाठी आमची पसंती ८ नंबरच्या पर्ल दोऱ्याला. पिळाचा, सुती, पदर न सुटणारा. नंबर वाढेल तसा दोरा बारीक, म्हणजे ५ नंबर जाड आणि १२ नंबर नाजूक. १० ग्रॅमच्या गोळ्यात ८० मीटरच्या आसपास दोरा मिळतो, त्यामुळे एका घागऱ्यात रंग मध्येच संपायची धास्ती कमी. आरशावर आधी दोन आडवे आणि दोन उभे दोरे ताणून घ्या, मग त्यावर तिरके चार. हे दोरे काठापासून बरेच आत, आरशाच्या साधारण एक-तृतीयांशावर हवेत. नंतरचा काज टाका त्यांना बाहेर ओढतो. आधीच काठाजवळ घातले तर दोऱ्यांमधली खिडकी मोठी होते आणि आरसा पडतो. हाताने कापलेल्या काचेची कड धारदार असेल तर बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्या. नाहीतर चांगला दोराही तीच कापते.

बाकी जवळजवळ सगळ्या कामाला सहापदरी सुती लड पुरते. अँकर कंपनीची लड ८ मीटरची. ४५ सेंमीचे तुकडे केले तर १७ निघतात, आणि प्रत्येकातून दोन-दोन पदरांचे तीन धागे, म्हणजे ५१ धागे. हा हिशेब आधी करून लडी एकदमच घ्या. एकाच नंबरच्या पण वेगळ्या घाणीतल्या, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेल्या, लडींच्या रंगात किंचित फरक पडतो आणि तो भरलेल्या पानाच्या मधोमध दिसतो. डीएमसी या दुसऱ्या कंपनीची लडही ८ मीटरची आणि सहापदरीच, पण दोघांचे नंबर वेगळे: काळा अँकरमध्ये ४०३, तर डीएमसीत ३१०. तक्ता हाताशी असला तरी दोन्ही लडी उजेडात शेजारी धरल्याशिवाय एकाऐवजी दुसरी घेऊ नका.

पदर सोडवताना सहाचे दोन भाग करून ओढू नका, गुंता तिथेच होतो. एकेक पदर सरळ वर ओढून काढायचा आणि मग हवे तेवढे एकत्र करायचे. असे पदर कापडावर जास्त सपाट पसरतात, म्हणून सॅटिन टाका भरदार दिसतो. पोलक्याच्या गळ्यावरच्या साखळी टाक्याला तीन पदर पुरेत, बारीक देठाला एक. सुई दोन-तीन पदरांना ८ नंबरची, सहाही पदरांना ५ नंबरची. ४५ सेंमीपेक्षा लांब दोरा घेतला तर तो कापडातून वारंवार जाऊन पिंजतो आणि शेवटच्या टाक्यांची चमक जाते.

रुखवतासाठी मॅटी कापडावर फुल्या घालणाऱ्यांनी आधी कडेला पाच फुल्या दोन पदरांनी आणि पाच तीन पदरांनी घालून बघाव्यात. मॅटीची वीण थानागणिक बदलते, त्यामुळे ऐकीव माप लागू पडत नाही.

जरीची तार कापडातून आरपार ओढायची वस्तू नाही, वरचा पत्रा सोलला जातो. ती कापडावर ठेवून त्याच रंगाच्या एकपदरी दोऱ्याने ४–५ मिलिमीटरवर टाचत जा. तांब्याच्या तारेची जरी घामाने काळवंडते, म्हणून काखेजवळ आणि गळ्याच्या काठाला ती नकोच. मशीनवर घालायची असेल तर रुंद नेढ्याची सुई लावा, ताण कमी करा आणि वेगही. मशीनच्या साध्या भरतकामाला ४० नंबरचं पॉलिएस्टर घ्या. रेयॉनची चमक जास्त मऊ असते, पण ब्लीचपुढे ते टिकत नाही.

लाल, मरून आणि गडद निळा दोरा, मग कंपनी कोणतीही असो, कापडाला लावण्याआधी तपासा. पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून दहा मिनिटं ठेवा. फडक्यावर रंग उतरला तर लड गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन सावलीत वाळवा. कपडा भरून झाल्यावर रंग फुटला, तर तो वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका. ओला असतानाच गार पाण्याखाली धरा.