आर्मस्ट्राँगचा जेएसपी बॉक्स सेट: काही महिने ऐकल्यावर

जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचे १९२० च्या दशकातले बँड, हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन, ऐकायचेत, तर कुठली आवृत्ती घ्यावी? माझ्यापुरतं उत्तर ठरलंय: जेएसपी या लेबलचा चार सीडींचा संच, रीमास्टरिंग (जुन्या ध्वनिमुद्रणाची साफसफाई) जॉन आर. टी. डेव्हिस. लेबल नंतर बघा, आधी हे नाव बघा.

पूर्वी मी हीच गाणी स्ट्रीमिंगवर ऐकायचो. तिथं एकाच गाण्याच्या ढीगभर आवृत्त्या असतात, आणि कुठल्या तबकडीवरून कुणी उतरवली याचा पत्ता नसतो. युरोपात त्या काळी ध्वनिमुद्रणाचे हक्क ५० वर्षांनी संपायचे, त्यामुळे ज्याला वाटलं त्यानं सीडी काढली. बऱ्याच जणांनी खरखर पुसली आणि तिच्याबरोबर झांजेची धारही पुसली. आर्मस्ट्राँग गोधडीतून वाजवतोय असं वाटतं.

पारख करायला 'वेस्ट एंड ब्लूज' घ्या. शिकागो, २८ जून १९२८. सुरुवातीची एकट्या ट्रम्पेटची झेप कुठल्याही आवृत्तीत बरी वाटते, तिच्यावरून काही ठरवू नका. पुढे फ्रेड रॉबिन्सनचा ट्रॉम्बोन येतो आणि मागे ड्रमर झटी सिंगलटन टकटक धरतो, तिथं कान लावा. वाईट आवृत्तीत ती टकटक खरखरीचाच भाग वाटते, कारण सॉफ्टवेअरला दोन्हींत फरक कळत नाही. या संचात प्रत्येक ठोका सुटा येतो. अर्ल हाइन्सच्या पियानोत डावा हात कुठे आहे तेही कळतं. शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग जवळजवळ चार मात्राखंड एकच वरचा सूर धरून ठेवतो, तेव्हा मागची खरखर तशीच चालू असते. हेडफोनवर ती सुरुवातीला बोचली. आता लक्षातही येत नाही.

डेव्हिस स्वतः वादक. टेम्परन्स सेव्हन या ब्रिटिश बँडमध्ये होता. १९६१ मध्ये त्या बँडचं एक गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, निर्माता जॉर्ज मार्टिन. (हो, बीटल्सवालाच.) डेव्हिसची सफाईची पद्धत ऐकून थक्क व्हायला होतं. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकडीची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद, आणि जुन्या जड सुयांनी ठरावीक खोलीवर झिजलेली. मग वेगवेगळ्या मापांच्या सुया लावून बघायच्या, खाचेची न झिजलेली भिंत शोधायची. आणि तबकडी टेपवर उतरवल्यावर जिथं 'टक्' येतो, तिथला टेपचा चुंबकीय लेप ब्लेडनं किंचित खरवडायचा. संगणक येण्याआधी तो एकेक टक् असा हातानं काढायचा. मूळ तबकडी चांगली मिळवणं हे मात्र या सगळ्याच्याही आधीचं काम. तिथं गडबड झाली की पुढं कुणी काही करू शकत नाही.

माझा संच सेकंडहँड आहे. विक्रेत्यानं पातळ पाकिटात धाडल्यामुळे दोन डब्यांच्या कड्या तुटल्या, सीडी शाबूत. नवा नेहमी मिळतोच असं नाही, नजर ठेवावी लागते.

याच्याही मागं जायचं असेल, तर किंग ऑलिव्हरच्या १९२३ च्या तबकड्या आहेत; त्याच्या बँडमध्ये आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवायचा. आर्कियोफोन या लेबलचा 'ऑफ द रेकॉर्ड' हा दोन सीडींचा संच घ्या. ध्वनिकाम डग बेन्सनचं. यातल्या पहिल्या तबकड्या इंडियाना राज्यातल्या रिचमंडमध्ये जेनेट कंपनीसाठी वाजवलेल्या. मायक्रोफोन नाही, आवाज गोळा करून सुईपर्यंत नेणारा नुसता भोंगा. शेजारून रेल्वे जायची, गाडी आली की काम थांबवायचं. बेबी डॉड्ससारखा ड्रमर असूनही मोठा ड्रम वाजवता येत नव्हता, त्याच्या दणक्यानं सुई उडायची. म्हणून तो लाकडी ठोकळ्यांवर भागवतो. भोंग्यात जे शिरलंच नाही ते कुठलाही रीमास्टर आणणार नाही, तेव्हा तळाच्या दणक्याची अपेक्षा नको. पण दोन कॉर्नेट एकमेकांभोवती कसे फिरतात ते इथं नीट उलगडतं, आणि 'चाइम्स ब्लूज'मध्ये कोवळा आर्मस्ट्राँग तबकडीवर पहिल्यांदा एकटा वाजवतो.

सध्या एर्स्किन टेटच्या व्हेंडोम ऑर्केस्ट्राच्या मे १९२६ च्या दोन बाजूंची चांगली आवृत्ती शोधतोय: 'स्टॅटिक स्ट्रट' आणि 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो'. आर्मस्ट्राँग आहेच, पण पियानोवर टेडी वेदरफर्ड आहे, जो पुढं मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा आणि १९४५ मध्ये कोलकात्यात वारला. ऐकलेल्या आवृत्त्यांत त्याचा पियानो पितळी वाद्यांखाली दबलेला आहे. कुणाकडे नीट उतरवलेली असेल, तर कुठल्या संचात आहे ते सांगा.