जुन्या गाडीचा एसी: लीक काढून गॅस भरल्यानंतरचे ११ महिने

गाडी २००९ ची, केए-२३ पासिंगची, पेट्रोल हॅचबॅक. निपाणीहून बेळगावला महिन्याला सात-आठ खेपा होतात, त्यातल्या दोन आईच्या तपासणीसाठी. आईला दम्याचा त्रास आहे. उन्हाळ्यात काचा उघड्या ठेवल्या तर हायवेची धूळ, बंद ठेवल्या तर गाडीची भट्टी. एसी आमच्यासाठी गरजेचा होता, आणि तो नेमका मे महिन्यात दगा द्यायचा.

सलग तीन वर्षं मी एकच करत आलो. मार्च उजाडला की जवळच्या दुकानात जायचं, गॅस मारून घ्यायचा, पंधराशे रुपये द्यायचे. पंधरा-वीस मिनिटांत काम व्हायचं. महिना-दीड महिना गार हवा, मग पुन्हा कोमट. 'जुन्या गाडीला दरवर्षी गॅस लागतोच' असं दुकानात सांगायचे आणि मला ते पटायचं. ते चूक आहे. आपल्याकडं कितीतरी लोक असेच पैसे घालवतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गेल्या मार्चमध्ये बेळगावात उद्यमबागेतल्या एका एसीच्या मिस्त्रींकडं गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, गॅस म्हणजे पेट्रोल न्हवं जळून संपायला. कमी झालाय म्हणजे कुठनं तरी गेलाय की." आधी त्यांनी उरलेला गॅस मशीनमध्ये ओढून घेतला आणि वजन बघितलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलंय, निघाला १९०. मग नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. त्यांचा पोरगा कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, खालच्या कोपऱ्याशी वाकला होता, तिथनंच ओरडला, "लीक ऐति री!"

त्या कोपऱ्यात तेलकट काळा डाग मी वर्षानुवर्षं बघत होतो आणि इंजिनचं तेल समजून पुसत होतो. कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं, तेल गॅसबरोबर पाइपांतून फिरत असतं. जिथनं गॅस निसटतो तिथनं थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. जुनी गाडी असेल तर टॉर्च घेऊन पाइपांचे सांधे आणि कंडेन्सरच्या कडा एकदा बघाच. हे काम फुकट होतं.

नुसत्या गेजवर, म्हणजे दाबाचा काटा बघून, भरलेल्या गॅसचा भरवसा का नाही, हेही तिथंच कळलं. आमच्यासारख्या गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. इंजिन बंद असताना आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तरी ३० अंशांना काटा ९५ पीएसआयच्या आसपासच दिसतो, मग आत २०० ग्रॅम असो की ४५०. चालू इंजिनवरचे आकडेही बाहेरच्या उन्हाप्रमाणे आणि फॅनच्या वेगाप्रमाणे हलतात. म्हणून सगळा गॅस काढायचा, पंपानं आतली हवा ओढून व्हॅक्यूम करायचा आणि वजनावर भरायचा. जादा भरला तरी हवा गार होत नाही, उलट कॉम्प्रेसरवर ताण येतो.

नवा कंडेन्सर, दोन ओ-रिंग आणि ड्रायरची बाटली असं काम झालं. ड्रायरला मी आधी नको म्हणत होतो. पण त्यात ओलावा शोषणारे दाणे असतात, सिस्टीम उघडली की ते हवेतलं बाष्प ओढून घेतात. आत पाणी राहिलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे जिथनं गॅस दाब सोडून गार होतो त्या झडपेच्या, बारीक तोंडाशी बर्फ धरतो आणि तेलाबरोबर आम्ल तयार होतं. व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला. व्हॅक्यूमचा काटा २७ इंचांवरच (पाऱ्याच्या मापात) थांबला तेव्हा मला शंका आली, कारण सगळीकडं २९ वाचलं होतं. मिस्त्री म्हणाले, बेळगाव उंचावर आहे, इथं हवेचा दाबच कमी. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळं हिशोब बरोबर बसतो. पंप बंद करून अर्धा तास थांबलो, काटा हलला नाही. एकूण बिल ७,८०० रुपये, म्हणजे पाच वेळा गॅस मारून घ्यायचे पैसे.

आता वापराचं. डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत छोटा थर्मामीटर लावून ठेवलाय. मे महिन्यात बाहेर ३६ अंश असताना हायवेवर ८ ते ९ मिळाले. संकेश्वर ते काकती एवढ्या प्रवासात आईनं एकदाही काच खाली करायला सांगितलं नाही. गाडी उभी राहिली की मात्र आकडा १४ वर जायचा. तो दोष गॅसचा नव्हता, कंडेन्सरच्या फॅनच्या मोटरमधले कार्बन (वीज पोचवणारे तुकडे) झिजले होते. ते बदलल्यावर ११ वर आला. भर दुपारी बाजारात गाडी अजूनही हवी तेवढी गार होत नाही, आणि इंजिन लहान असल्यानं तवंदी घाट चढताना एसीचा भार जाणवतो.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडं गेलो तेव्हा समोरच्या काचेवरचं धुकं एसी लावताच मिनिटाभरात गेलं. पावसात आणि थंडीत एसी पूर्ण बंद ठेवू नका. आठवड्यातून दहा मिनिटं चालवला की तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील सुकत नाही. मी आधी चार-चार महिने लावत नव्हतो. कुबट वास येऊ नये म्हणून घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवतो.

खरी परीक्षा ऊसतोडीच्या हंगामात झाली. ट्रॉल्यांच्या मागनं जाताना पाचटाचा भुसा आणि शेतातली काजळी कंडेन्सरच्या पापुद्र्यांत, म्हणजे पातळ पत्र्यांत, बसते, आणि आमच्याकडं वखारींच्या रस्त्यावर तंबाखूची धूळ असतेच. डिसेंबरात हवा कोमट वाटायला लागली तेव्हा पोटात गोळा आला. बघतो तर अर्धा कंडेन्सर भुशानं भरलेला. साध्या नळीनं, हलक्या धारेनं धुतला आणि हवा पहिल्यासारखी झाली. प्रेशर गन जवळनं मारू देऊ नका, पापुद्रे मुडपतात.

डब्यातलं लीक बंद करायचं औषध मी घेतलं नाही, याचं समाधान आहे. ते आत कुठंही घट्ट होऊन व्हॉल्व्ह तुंबवू शकतं. स्वस्त गॅस म्हणून कुणी एलपीजीचं मिश्रण भरत असेल तर तिथनं निघून या, ते पेट घेतं. डबा मागून त्यावर आर-१३४ए लिहिलंय का बघा.

परवा, फेब्रुवारीत, बाहेर ३२ असताना हायवेवर ८ दाखवले. येत्या मार्चमध्ये कंडेन्सर धुणार आणि थर्मामीटर बघणार. आकडा १० च्या आत असेल तर गेजची नळीसुद्धा लावू देणार नाही, कारण ती लावता-काढताना थोडा गॅस जातोच.