पुण्यात घरचा वाइनचा साठा: ऑनलाइन खरेदी आणि एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

ऑनलाइन वाइन मागवून घरी साठा करायचा असेल, तर ब्रँडच्या आधी दोन गोष्टी बघा. बाटलीवरचं साल कोणतं आहे, आणि ती दुकानातून तुमच्या दारापर्यंत कसल्या उन्हातून आली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी पुण्यात, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये साठा करायला सुरुवात केली. आता त्यावरून एक अख्खा उन्हाळा गेला आहे. घरी साठा करणं जमतं, आणि त्यात खूप आनंद आहे, हे आधीच सांगते. पण ॲप आज संध्याकाळी प्यायची बाटली विकतं, आणि साठा करणाऱ्याला दोन-तीन वर्षांनी उघडायची बाटली हवी असते. मधलं अंतर आपल्यालाच भरून काढावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात दारू घरपोच मिळायला लागली ती मे २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात. दुकान परवानाधारक लागतं आणि घेणाऱ्याकडेही मद्यसेवनाचा परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर तो निघतो, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन १,००० रुपयांत. साठा करायचा तर आजीवनच काढा. परवान्यावर किती बाटल्या बाळगता येतात याला मर्यादा असते, तेव्हा ती वाचून मगच कूलरचा आकार ठरवा. परवाना माणसाच्या नावाने असतो, त्यामुळे घरात दोघं पिणारे असतील तर दोघांचा काढावा.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दारू जीएसटीत नाही. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी, किंमत वेगळी. बेंगळुरू किंवा दिल्लीच्या साइटवर दिसलेली बाटली पुण्यात येत नाही, आणि गोव्याहून गाडी भरून आणायला वाहतुकीचा परवाना लागतो. म्हणजे ॲपवर कितीही मोठी यादी दिसली, तरी तुमच्या वाट्याला येतं ते तुमच्या भागातल्या दुकानाच्या फळीवर असेल तेवढंच. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर आणि मतदानाआधीचे ४८ तास ड्राय डे असतात, हेही मागणी टाकताना धरून चाला.

आता मुख्य तक्रार. मी वापरते त्या ॲपवर व्हिंटेज, म्हणजे द्राक्षतोडीचं साल, दिसतच नाही. फोटो कुठल्यातरी जुन्या बाटलीचा असतो आणि त्यावरचं साल आणि घरी येणारं साल यांचा मेळ बसेलच असं नाही. व्हिस्कीला यानं काही बिघडत नाही. पांढऱ्या वाइनला फार बिघडतं. नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवायची असते. तिचा ताजा, हिरवट, लिंबाच्या सालीसारखा वास हाच तिचा जीव. तीन-चार वर्षं दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उभी राहिलेली बाटली पूर्ण किमतीला आपल्या गळ्यात पडते, आणि दारू परत घेत नाहीत.

यावर मी काढलेला मार्ग साधा आहे. ॲपवर दुकानाचं नाव दिसतं. मागणी टाकण्याआधी तिथे फोन लावते. "दादा, मागच्या लेबलवरचं साल आणि बाटली भरल्याचा महिना वाचून दाखवता का?" पहिल्या वेळी समोरचा चक्रावला होता. आता तोच स्वतः सांगतो, "ताई, जुना माल आहे, आठवडाभर थांबा, नवीन पेटी येतेय." या एका ओळखीने मला जेवढं दिलं तेवढं ॲपच्या कुठल्याही सवलतीने दिलं नाही. साठा करणाऱ्याने दुकान एकच धरावं, आणि खप जास्त असलेलं धरावं. माल फिरता राहिला की बाटली ताजी मिळते.

साल वाचताना आपल्याकडचा हंगाम ध्यानात ठेवावा लागतो. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) होते, पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठी), आणि वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. युरोपात तोड सप्टेंबर-ऑक्टोबरची. त्यामुळे लेबलवर तेच साल असलं तरी आपली बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. पांढरी घेताना हा हिशेब आधी करा. नव्या हंगामाच्या पांढऱ्या बाजारात आल्या की त्याच वर्षीच्या घ्या आणि त्यांचा साठा करू नका.

प्रवासाचं तितकंच महत्त्वाचं. दुचाकीवर, पाठीवरच्या काळ्या बॅगेत, एप्रिलच्या दुपारी बाटली तासभर फिरली की आतली वाइन तापते, फुगते आणि बुचाला वर रेटते. म्हणून मार्च ते मेच्या मध्यापर्यंत मी साठ्यासाठी काही मागवत नाही. अगदीच लागलं तर दुकान उघडल्याउघडल्या सकाळची वेळ घेते. मोठ्या मागण्या जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत. बाटली आली की दारातच बघायचं: बूच कडेच्या वर आलंय का, झाकणावरच्या आवरणाखाली चिकट लागतंय का, मानेतली पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली आहे का. मला एकदा आवरणाखाली पाझरलेली बाटली आली होती. आणणाऱ्या मुलासमोरच फोटो काढला, दुकानाशी बोलले, बदलून मिळाली. दार लावून घेतल्यावर कोणी ऐकत नाही.

आता कूलर. जुन्या वाड्यांतल्या तळघरांची आठवण काढून बरेच जण विचारतात, जमिनीखाली थंड असतंच की. असतं, पण किती? जमिनीखाली थोडं खोल गेलं की तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. फ्रान्सच्या बरगंडीत ती सरासरी अकरा-बाराच्या आसपास, म्हणून तिथलं तळघर आपोआप वाइनसाठी चालतं. पुण्यात ती पंचविसाच्या आसपास आहे. वाइनला हवेत १२ ते १४ अंश, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढेच. आपल्याकडे तळघर विजेवरच चालतं हे स्वीकारायला हवं.

घरातला नेहमीचा फ्रिज चार अंशांवर असतो, हवा कोरडी, दार दिवसभर उघडझाप. आठवडाभर ठीक, वर्षभरासाठी नाही, बूच वाळतं. वाइन कूलर दोन प्रकारचे मिळतात. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कंप्रेसरशिवाय चालणारा, स्वस्त असतो, आवाज करत नाही, थरथरत नाही, जाहिरातीत मोहक दिसतो. पण तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतो. खोलीत ३६ असतील तर आत वीसच्या वरच. महाराष्ट्रात, त्यातही विदर्भ-मराठवाड्यात, हा प्रकार घेऊच नका. फ्रिजसारखा कंप्रेसरचा महाग आहे, थोडी घरघर आहे, पण यंदाच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीची खोली भट्टी झाली असतानाही माझ्या कूलरच्या आतला थर्मामीटर १४ वरून हलला नाही. वेगळा थर्मामीटर आत ठेवा, बाहेरच्या काट्यावर विसंबू नका. माझ्या कूलरचा काटा आतल्यापेक्षा दोन अंश कमी दाखवतो.

वीज गेली की लोक घाबरतात. भरलेला कूलर बंद ठेवला तर दोन-तीन तासांत आत फारसा फरक पडत नाही. बाटल्यांमधला द्रवच थंडावा धरून ठेवतो. म्हणून कूलर अर्धा रिकामा ठेवण्यापेक्षा मागच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या लावाव्यात. मागे आणि बाजूला हवेला जागा सोडा. बुचाच्या बाटल्या आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या उभ्याही चालतात. काचेच्या दारावर ऊन पडत असेल तर पडदा लावा, उजेडाने वाइन बिघडते.

साठवायचं काय, यात मला सगळ्यात जास्त रस आहे. आपल्याकडच्या बहुतेक वाइन लवकर प्यायच्या आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. जगातल्या बहुतेक वाइन तशाच असतात. राजीव सामंतांच्या सुला वाइनची पहिली बाटली २००० साली आली, नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन २०१० साली मिळालं. इतक्या तरुण उद्योगाकडे वीस वर्षं टिकणाऱ्या बाटल्यांचा पुरावा असणार कुठून? दोन ते पाच वर्षांचा साठा हे इथलं खरं माप आहे, आणि तेवढ्यात पुष्कळ काही घडतं.

माझी पद्धत अशी: जी बाटली ठेवण्याजोगी वाटते तिच्या एकाच सालाच्या तीन घ्यायच्या. एक आठवडा-दोन आठवडे विसावल्यावर उघडायची, दुसरी सहा-आठ महिन्यांनी, तिसरी राखायची. मानेवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने आल्याची तारीख लिहायची आणि चव वहीत. दुसरी बाटली उघडली की वहीतलं पहिलं टिपण वाचायच्या आधी नवीन लिहायचं, नाहीतर जीभ जुनंच बोलते.

अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वाइनरीची 'सेत्ते' ही लाल वाइन मी अशी ठेवली आहे. सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचं मिश्रण, घडवणारे इटलीतल्या तोस्कानाचे पिएरो मासी. सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या मातीत इटलीचं द्राक्ष, यावर आधी विश्वास बसत नव्हता. आल्या आल्या उघडली तेव्हा तुरटपणा हिरड्यांना धरत होता, लाकडाचा वास पुढे होता. हिवाळ्याच्या अखेरीस दुसरी उघडली तर तोच तुरटपणा मऊ झालेला, सुक्या मनुकांची आणि तंबाखूच्या पानाची छटा वर आलेली. ज्याला साठवण्याचं कारण समजून घ्यायचं असेल त्याने या एका वाइनच्या तीन बाटल्या घ्याव्यात.

सुलाची 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' ओकच्या पिंपात मुरवलेली असते. ती पहिल्या दिवशीही छान लागते आणि आठ महिन्यांनी थोडी अधिक छान, पण फरक सेत्तेएवढा नाही. मी ती दोन वर्षांच्या पुढे ठेवणार नाही. नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह', काबर्ने आणि शिराझ यांची, आपल्याकडच्या जुन्या नावांपैकी. फ्रान्सच्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ यांचा सल्ला तिला लाभलेला. पुण्यात तिचं हवं ते साल मिळवायला फोनवर बराच पाठपुरावा लागला, पण मोलाची आहे. निफाडच्या रेव्हेलोची नेरो दाव्होला सिसिलीचं द्राक्ष नाशिकात कसं वागतं ते बघण्यासाठी जरूर घ्या. साठ्यातलं सगळ्यात कमी लेखलेलं रत्न म्हणजे उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लाँची गोड वाइन. साखर आणि आंबटपणा दोन्ही असल्याने ती साध्या पांढऱ्यांपेक्षा जास्त टिकते, आणि अर्ध्या बाटलीत मिळते म्हणून दोघांच्या घराला सोयीची.

आयातीकडे मी कमीच वळले. १५० टक्के सीमाशुल्क, त्यावर राज्याचे कर. परदेशात अगदी साधी समजली जाणारी बाटली इथे आपल्या चांगल्या रिझर्व्हच्या दीडपट किमतीला पडते. ऑस्ट्रेलियाचा अपवाद लक्षात ठेवा. त्यांच्याशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि ठरावीक किमतीच्या वरच्या वाइनवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं आहे. शिवाय आयात बाटली बंदरात, गोदामात किती उन्हाळे राहिली हे दुकानदारही सांगू शकत नाही. नाशिकची बाटली पुण्याला साधारण २१० किलोमीटर येते. हा फायदा मला किमतीहून मोठा वाटतो.

जेवणाबरोबर जे जमलं त्यातलं एकच सांगते. तिखट वाढलं की टॅनिन, म्हणजे लाल वाइनला तुरटपणा देणारा घटक, जास्त तुरट आणि अल्कोहोल जास्त जळजळीत लागतं, त्यामुळे कोल्हापुरी रश्श्याबरोबर तरुण सेत्ते लावू नका. काळ्या मसाल्याच्या सुक्या मटणाबरोबर मुरलेली शिराझ, कूलरमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेली, म्हणजे सोळा-सतरा अंशांवरची. "वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा आहे. पुण्याच्या तीस अंशांच्या खोलीत त्याने चांगल्या बाटलीचं नुकसान होतं.

नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या मागणीत खूप नावं गोळा करू नयेत. कूलर आधी घ्या, रिकामा आठवडाभर चालवा, तापमान स्थिर राहतंय ना ते बघा. मग जुलैच्या एखाद्या ढगाळ सकाळी तीन सेत्ते, तीन दिंडोरी शिराझ आणि उशिरा तोडलेल्या शेनिनच्या दोन अर्ध्या बाटल्या, फोनवर साल विचारून. लगेच प्यायच्या पांढऱ्या दर महिन्याला वेगळ्या मागवा आणि त्यांना कूलरमध्ये वरची एकच फळी द्या, कारण त्या साठ्याची जागा हळूहळू खात जातात. माझ्याकडे आता तिसऱ्या सेत्तेच्या मानेवर पुढच्या दिवाळीची तारीख लिहिलेली आहे, आणि दुकानातल्या दादांनी नव्या सालाची पेटी आली की कळवतो म्हणून सांगितलंय.