पोटाच्या चूर्णानं गुडघा कसा काय बरा झाला?

गेल्या वर्षी जानेवारीत सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. एका स्टॉलवर फलक होता, 'संपूर्ण शरीर तपासणी फुकट'. बायको म्हणाली, "चला की, तुमचं पोट दाखवू." दोन-तीन महिने मला बेंबीच्या वर जळायचं. रात्री दोन-अडीचला जाग यायची, दोन बिस्किटं खाल्ली की थांबायचं.

स्टॉलवरच्या पोरानं हातात पितळी दांडी दिली. वायर लॅपटॉपला. मिनिटभरात प्रिंटरमधून चार पानं. "मामा, जठरात अल्सर आहे. तीन महिन्यांत फुटणार." माझ्या पायातलं बळच गेलं. मग बायकोनंही दांडी धरली. तिच्या रिपोर्टात प्रोस्टेटला, म्हणजे फक्त पुरुषांना असणाऱ्या ग्रंथीला, सूज लिहिली होती, पण हे घरी आल्यावर लेकीनं वाचलं. तोवर अठराशे रुपये देऊन चूर्ण घेऊन झालं होतं.

पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, नुसता रबरी शिक्का. खरं सांगतो, जळजळ जरा कमी झाली. पण वीस वर्षं यंत्रमागापुढं उभं राहून धरलेला गुडघा चार दिवसांत असा सुटला की मी जिने दणादणा चढू लागलो. पोटाचं औषध आणि गुडघा बरा! मला शंका यायला हवी होती. उलट मीच शेजारच्या मावशींना त्या स्टॉलवाल्यांच्या दुकानातून एक पुडी आणून दिली.

दुसरी पुडी संपत आली तेव्हा शौचाला काळं, डांबरासारखं चिकट व्हायला लागलं. दुकानदाराला फोन केला. "घाण बाहेर पडतेय, मामा. डोस दुप्पट करा." केला. तिसऱ्या दिवशी मागावरच चक्कर येऊन पडलो.

दवाखान्यात हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, तोंडातून दुर्बीण घातली. ती काळी शी म्हणजे अल्सरच्या जखमेतून झिरपून पचलेलं रक्त होतं. डॉक्टरांनी पुडी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठला सांधा दुखायचा थांबला का?" मी गारच पडलो. असल्या बिननावाच्या चूर्णांत डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नाहीतर स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, म्हणाले. तुमच्या पुडीत काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल, पण संशय तोच. वेदनाशामकं जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारी व्यवस्थाच दुबळी करतात. म्हणजे अल्सरवर मी अल्सर करणारंच औषध घेत होतो.

मी आपला शेंगा चटणीला दोष देत बसलो होतो. डॉक्टर हसले. तिखटानं जळजळ वाढेल, पण अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे ही वेदनाशामकं आणि एच. पायलोरी नावाचा जंतू. हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला. लोकांना पटेना म्हणून मार्शलनी १९८४ मध्ये तो स्वतःच पिऊन दाखवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माझ्या दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यातही तोच निघाला. म्हणजे आधीची जळजळ बहुधा त्याची, रक्तस्राव चूर्णाच्या कृपेनं. उपचार म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन अँटिबायोटिक्स, १४ दिवस, एकही डोस न चुकवता. जंतू गेला का, ते औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं. गेला होता. दांडी धरून हे काहीच कळत नाही, त्याला दुर्बीण, श्वासाची नाहीतर शौचाची तपासणी लागते.

१९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातबंदी कायद्यात पोट-आतड्याच्या अल्सरचं नाव यादीत आहे, त्यावर रामबाण इलाजाची जाहिरात करणंच गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. उरलेलं चूर्ण घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार दिली. दुकानाचं शटर तोवर खाली होतं, फोन बंद.

मावशींना सांगायला गेलो तेव्हा लाज वाटली. त्यांनी पुडी मुकाट्यानं हातात ठेवली, अर्धी संपलेली. त्यांची कंबर पुन्हा धरलीय. माझा गुडघाही.