वरच्या साठ हजारांचा रिव्ह्यू

गाडीचे रिव्ह्यू पैशाला पासरी आहेत. मायलेज, सस्पेन्शन, सनरूफ, सगळं कोणीतरी बोलून झालंय. मला लिहायचंय ते गाडीच्या किमतीवर जे साठेक हजार मोजावे लागले त्यांच्याबद्दल. दसऱ्याला गाडी घेतली, हिवाळा गेला, सोलापूरचा उन्हाळाही अंगावरून गेला. आता सांगता येईल की त्या पैशांतलं काय कामाला आलं आणि काय नुसतं बिलात राहिलं. मॉडेलचं नाव मुद्दाम घालत नाही. आपल्या शहरात त्या कंपनीचं एकच शोरूम आहे, नाव लिहिलं की डीलर कोण ते शेंबडं पोरगंही सांगेल, आणि सर्व्हिसिंगला मला तिथंच जायचंय.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के आणि वर एक टक्का सेस होता, तो थेट १८ वर आला. दसरा दहा दिवसांवर, २ ऑक्टोबरला. शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. कंपनीनं किंमत खाली आणली, पण गाड्या काय दहा दिवसांत वाढत नाहीत. वेटिंग साडेतीन महिने सांगितलं. आणि मग सेल्समन हळूच म्हणाला, "काका, एक गाडी आहे, दुसऱ्या पार्टीनं कॅन्सल केलेली. तुमच्याच रंगात. फक्त ती पॅकेजसकट आहे बगा."

पॅकेज म्हणजे ४६,००० च्या अॅक्सेसरीज, आणि विमा त्यांच्याकडूनच. एक्स-शोरूम १०,४०,००० रुपये, तो आकडा कंपनीच्या वेबसाइटवरचाच, एक रुपया इकडे-तिकडे नाही. त्यावर बारा टक्के रोड टॅक्स, १,२४,८००, तोही नियमाप्रमाणे. म्हणजे कागदावर कोणी म्हणूच शकत नाही की गाडी जादा भावानं विकली. जादा जे काही आहे ते खालच्या ओळींत पसरवलेलं. त्यात ७,५०० चे हँडलिंग चार्जेसही होते. "हे कशाचे? याची वेगळी पावती मिळेल का?" एवढंच विचारलं, तर मॅनेजरनं न बोलता त्यावर रेघ मारली. ती ओळ जितक्या सहज गेली, त्यावरूनच ती काय होती ते कळतं.

विम्याची ओळ मात्र हलेना. डीलरचा आकडा ५२,०००. तीच आयडीव्ही (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), तेच इंजिन प्रोटेक्ट धरून बाहेरून कोटेशन आलं ३७,५०० चं. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, १ सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर ठरलेला आहे. हजार ते दीड हजार सीसीला १०,६४० अधिक जीएसटी, कुठल्याही कंपनीकडे जा. म्हणजे साडेचौदा हजारांचा फरक आहे तो सगळा स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि वरच्या अॅड-ऑनमध्ये, जिथं डीलरचं कमिशन बसतं. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, हे आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०१७ च्या सूचनांत स्पष्ट आहे. तसं सांगितल्यावर उत्तर आलं, "सक्ती कुठं ओ? बाहेरून घ्या की. मग तुमचा नंबर वेटिंगमध्ये." कायदा त्यांच्याही तोंडपाठ होता.

४६,००० आणि १४,५००, झाले ६०,५००. घेतली. जुन्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती, धंद्यासाठी इचलकरंजी आणि हैदराबादच्या फेऱ्या असतात, आणि आप्पांना दसऱ्याला दारात गाडी हवी होती. साडेतीन महिने भाड्याची गाडी धरली असती तरी तीस-पस्तीस हजार गेलेच असते. सगळा हिशेब करूनच सही केली.

आता वस्तूंकडे.

सीट कव्हर, ९,५००. दिसायला झकास. मार्चपर्यंत तक्रार नव्हती. मग ऊन तापलं. दुपारी दोनला सात रस्त्याला गाडी उन्हात लावून परत आल्यावर त्या रेक्झिनवर बसून बघा. बेचाळीस अंशांत त्याचा तवा होतो. वर अंथरायला घरातलाच टर्किश टॉवेल टाकलाय, सोलापूरकराला त्याची काय टंचाई! खरी अडचण वेगळीच आहे. या गाडीला सहा एअरबॅग आहेत, त्यातल्या बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या कडेत असतात. कव्हरला तिथं सहज उसवणारी खास शिलाई लागते. आमच्याला ती आहे का, हे बसवणाऱ्या पोराला विचारलं तर त्यानं सुपरवायझरकडे बोट दाखवलं आणि सुपरवायझरनं कॅटलॉगकडे. कॅटलॉगमध्ये होती, म्हणून कव्हर ठेवलं. नसती तर त्याच दिवशी काढून टाकलं असतं. तुम्ही कुठूनही घ्या, आधी हेच बघा.

सिरॅमिक कोटिंग, १६,०००. सगळ्यात महाग आणि सगळ्यात फालतू. पहिले दोन-तीन महिने पाणी मोत्यासारखं ओघळायचं. पण आमच्याकडे धुवायला बोअरचं पाणी, क्षारांनी भरलेलं. उन्हात वाळलं की पांढरे डाग उरतात, कोटिंग असो वा नसो. तक्रार केली तर म्हणे मेंटेनन्स वॉश करून घ्या, त्याचे पैसे वेगळे. अंडरबॉडी कोटिंगचे ५,५००. खारी हवा असलेल्या रत्नागिरी-मालवणच्या माणसानं याचा विचार जरूर करावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज चढायला किती वर्षं लागतील देव जाणे, आणि तळाला कंपनीचा थर असतोच. दगड-खडी आपटल्याचा आवाज थोडा दबतो, इतकंच.

मॅट आणि मडफ्लॅप, दोन्ही मिळून ४,५००. हे मात्र वसूल! मंगळवेढ्याकडं कधी पावसात गेला असाल तर ती काळी माती चाकाला कशी धरते ते माहीत असेल. मडफ्लॅप नसते तर दरवाजाच्या खालच्या पट्टीपर्यंत लिंपण झालं असतं. बाहेरच्या दुकानात हेच अडीच-तीन हजारांत मिळतं, तरीही वसूल. क्रोम आणि व्हायजरचं किट, ६,००० चं. एका दरवाजाची क्रोम पट्टी उन्हानं सुटली. पुन्हा चिकटवून दिली, पुन्हा सुटली, आता डिकीत पडून आहे. राहिलं रोडसाइड असिस्टन्सचं कार्ड, ४,५००. घरी येऊन कागद वाचले तर हीच सेवा कंपनीच्या वॉरंटीत होती आणि विम्यातही. एकाच पंक्चरसाठी तीन जणांना फोन करायची सोय.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, माझी ९,८८,००० बसली. अॅक्सेसरीज त्यात नाहीत, वेगळी नोंद करून जादा प्रीमियम भरला तरच येतात. म्हणजे उद्या गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली, तर पॅकेजचे पैसेही तिच्यासोबत गेले. विकायला काढली तरी घेणारा मॉडेलचं साल, किलोमीटर आणि कितवा मालक ते बघतो, कोटिंग कोणी विचारत नाही. शिवाय हे सगळं कोटेशनमध्ये असल्यानं बँकेनं कर्जात धरलं. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत साठ हजार पाचशेचे पंचाहत्तर हजारांच्या वर होतात.

तरी डीलरला नुसत्या शिव्या घालणं मला पटत नाही. मी सुताच्या धंद्यात आहे. माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त झालं की भाव चढतो, त्यात मी स्वतः कमावलंय. नव्या गाडीवर डीलरला मार्जिन मोजकंच सुटतं, पोट भरतं ते विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि सर्व्हिसिंगवर. आमच्या वडिलांच्या पिढीनं चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले, आणि घाई असेल तर ऑन, म्हणजे वरचे पैसे, मोजला. पण तो ऑन होता हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत होतं. "लवकर गाडी हवी, साठ हजार जादा" असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर मी घासाघीस करून पन्नासवर आणून दिले असते. क्रोमची पट्टी गळ्यात मारून तेच पैसे काढायचे, वर "पॅकेज" म्हणायचं, याचा राग येतो.

अमेरिकेत १९५८ पासून कायद्यानं प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद लावावाच लागतो. तरी २०२१-२२ मध्ये चिपचा तुटवडा आला तेव्हा तिथले डीलर शेजारी दुसरा कागद डकवून हजारो डॉलर जादा मागत होते, इतके की फोर्ड आणि जनरल मोटर्सनं स्वतःच्याच डीलरांना तंबी दिली. निदान तो दुसरा कागद गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होता. आपल्याकडे गंमत उलटी. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं मारुतीला २०० कोटींचा दंड ठोठावला, तो डीलरांना जादा सूट देण्यापासून रोखल्याबद्दल. कंपनी अपिलात गेली ते वेगळं. पण डीलर ठरल्यापेक्षा स्वस्त विकतोय का यावर कंपन्यांची नजर बारीक असते, महाग विकतोय का यावर तेवढी दिसत नाही.

ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी पुण्यात चौकशी करावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओकडे नोंदणी चालते, रोड टॅक्स सगळीकडे सारखाच. आमच्या बार्शीच्या पाहुण्यांनी तिकडून पॅकेजशिवाय घेतली, वेटिंग जवळपास तितकंच होतं. आणि प्रत्येक ओळीची लेखी फोड मागा. अडवलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

गाडी? गाडी उत्तम आहे. शहरात तेरा-चौदा, पुणे रोडला सतरा-अठराचं मायलेज, एसी दमदार. मागच्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा शोरूममध्ये याच मॉडेलच्या चार गाड्या उभ्या होत्या आणि काचेवर पाटी, अॅक्सेसरीज फ्री. सेल्समन तोच. मला बघून म्हणाला, "काका, तुमचं कोटिंग अजून चमकतंय की ओ."

दसऱ्याआधी विम्याचं नूतनीकरण येईल. थर्ड पार्टी तीन वर्षांचा भरलेला आहे, फक्त स्वतःच्या नुकसानीचा भाग घ्यायचाय. तो बाहेरून घेणार. कोटेशन मागवायला सुरुवात केली आहे.