जोडाक्षरांचं पोस्टर: स्क्रीन प्रिंटिंग की रिसो?

भाचीने ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ फोडून, लाल-निळ्यात एकमेकांवर चढवून पोस्टर केलंय. चाळीस प्रती हव्यात आणि कोणत्या पद्धतीने छापावं ते ठरत नाहीये: स्क्रीन, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून हाताने छापणं, की रिसो, म्हणजे झेरॉक्ससारखं दिसणारं, पण एकेका रंगाची शाई साच्यातून छापणारं यंत्र.

मेहनतीत रिसो सरळ जिंकतो. दोन्हीकडे प्रत्येक रंगाचा साचा वेगळा. पण स्क्रीनला जाळी ताणा, इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारा लेप) लावा, प्रकाशात धरा, धुवा. अर्धा दिवस गेलाच. रिसोचं यंत्र आपला साचा, म्हणजे मास्टर, काही सेकंदांत पाडतं आणि भराभर प्रती काढतं. प्रती वाढल्या की दरही उतरतो.

टिकाऊपणाचं गणित उलटं. रिसोची शाई तेलकट, कागदात मुरते पण पुरती वाळत नाही. भरीव लाल भागावर अंगठा फिरवून बघा, बोट रंगतं. चकचकीत कागद चालत नाही, आकारही ए-थ्रीपर्यंतच. स्क्रीनची शाई जाड बसते, अक्षराची कड बोटाला लागते.

खरा प्रश्न अक्षराचा आहे. रिसोत दुसरा रंग थोडा सरकतोच. शिरोरेषा दोन रंगांत तोडली तर मध्ये पांढरी फट दिसेल, म्हणून रंग एकमेकांवर जरा चढू द्या. मला ती सरक आवडते, अक्षर जिवंत वाटतं. स्क्रीनवर जाळी भरड, मोठ्या छिद्रांची असेल तर ‘क्ष’ची गाठ बुजते.

रंग अजून बदलून बघायचे असतील, हातोहात वाटायचं असेल, तर रिसो. कापड, पत्रा, लाकूड किंवा भिंतभर आकार हवा असेल, तर स्क्रीनच.