घरी येणाऱ्या अटेंडंट: हात तयार, नोंद कच्ची

नागपूरच्या धंतोली भागातल्या, घरी अटेंडंट पुरवणाऱ्या एका ब्युरोच्या १२-१२ तासांच्या दोन पाळ्यांचा हा रिव्ह्यू. पेशंट कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला. जामठ्याच्या किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलातून पेशंटला घरी आणलं की बऱ्याच घरांची भिस्त अशाच मावशींवर असते. दोघींनी जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेला आहे. त्या नर्स नाहीत, हे ब्युरोने आधीच सांगितलं, ते बरं केलं.

कूस बदलण्यात दोघी तरबेज. पेशंटला ओढत नाहीत. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घालतात, घरच्या एकाला समोर उभं करतात आणि दोन्हीकडून उचलतात. ओढलं की माकडहाडावरची कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड सरकतं आणि तिथेच बेडसोर धरतो. पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरकं ठेवतात, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. एअर बेड होता तरी दर दोन तासांची कूस चुकली नाही. पुष्कळ घरांत एअर बेड आला की नेमकं हेच सुटतं.

उन्हाळ्यात कुलरच्या झोतात तोंड कोरडं पडतं. ओल्या गॉजने ओठ, जीभ, टाळू पुसणंही नीट होतं.

औषधांच्या बाजूला मात्र शिक्षण तोकडं आहे. मॉर्फिन या वेदनाशामकाची एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी अन्न-औषधाच्या नळीतून द्यायला कुटायला घेतली होती. ती कुटली तर १२ तासांचा डोस एकदम अंगात उतरतो, श्वास मंदावू शकतो. वेळीच थांबवलं म्हणून निभावलं. नळी असेल तर डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा साधी गोळी लिहून घ्यावी.

दुसरी चूक पोटाची. मॉर्फिनने शौचाला कडक होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध रोज चालू ठेवावं लागतं. शौचाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. वहीत त्याची नोंद ‘लूज मोशन’ अशी झाली आणि पोट साफ होण्याचं औषध बंद केलं गेलं. त्रास दुप्पट झाला.

वेदनेची नोंद तर रोज एकच: ‘नाही’. बोलू न शकणाऱ्या पेशंटची वेदना कपाळावरच्या आठ्यांत, आवळलेल्या मुठीत, कूस बदलताना निघणाऱ्या कण्हण्यात दिसते. ते पाहायला त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. हा दोष मावशींचा नाही, त्यांना असं पाठवणाऱ्यांचा आहे.

सेवा घ्यावी, पण औषधं घरच्यांनीच द्यावीत. पहिल्या दिवशी सुपरवायझरसमोर कूस बदलून दाखवायला सांगा आणि ‘तीन दिवस शी झाली नाही तर काय कराल?’ हेही विचारा. ‘डॉक्टरांना कळवू’ एवढं तरी उत्तर यायला हवं. नाही आलं, तर अटेंडंट बदलून मागा. या ब्युरोने मागितल्यावर त्याच दिवशी बदलून दिली.